वासराचा न्यूमोनिया: खोकल्याची वाट न पाहता तो कसा ओळखायचा आणि कसा आवरायचा

दिवाळी उरकली की आमच्या संगमनेर-अकोले पट्ट्यात दुपारी उन्हाचे चटके बसतात आणि पहाटे हुडहुडी भरते. माणसं कानटोपी घालून दूध घालायला निघतात. नेमक्या याच दिवसांत गोठ्यातली लहान वासरं ढासायला लागतात.

काही वर्षांपूर्वी अशाच हवेत आमची पाच आठवड्यांची कालवड गेली. आदल्या दिवशी संध्याकाळी तिने दूध जरा सावकाश प्यालं, एवढंच. सकाळी उभी राहीना, पोट भात्यासारखं चालत होतं, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं. त्यांनी शवविच्छेदन केलं. फुफ्फुसाचा पुढचा आणि खालचा भाग काळपट लाल, हाताला यकृतासारखा घट्ट लागत होता. त्यातला एक तुकडा त्यांनी बादलीतल्या पाण्यात टाकला तर तो थेट तळाला गेला. निरोगी फुफ्फुसात हवा असते, त्यामुळे ते तरंगतं. “हे दुखणं रात्रीतलं नाही, आठवड्याचं आहे,” ते म्हणाले. त्या आठवड्यात मी रोज दोन वेळा तिला दूध पाजत होतो.

तेव्हापासून शिकलो आणि गोठ्यात वापरलं, ते इथे क्रमाने लिहितो. गाईच्या वासराबद्दल लिहिलं असलं तरी म्हशीच्या पारडालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. औषधाचे डोस मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण डॉक्टर येण्याआधीचं आणि गेल्यानंतरचं काम आपलं असतं, आणि वासरू वाचणार की नाही हे बरंचसं तिथेच ठरतं.

जंतू बहुतेक वेळा नाकातच असतात

वासरांच्या न्यूमोनियात मुख्यतः चार जंतू सापडतात: मॅनहायमिया हिमोलिटिका, पाश्चुरेला मल्टोसिडा, हिस्टोफिलस सोमनाय आणि मायकोप्लाझ्मा बोव्हिस. नावं पाठ करायची गरज नाही. लक्षात ठेवायचं ते हे की यातले बरेचसे जंतू धडधाकट वासराच्या नाकात-घशातही राहत असतात आणि काही बिघडवत नाहीत. थंडी, दमट गोठा, अमोनियाचा वास, प्रवास, दूध तोडणं, एखादा विषाणूचा ताप यांपैकी काही घडलं की श्वासनलिकेतली झाडझूड करणारी यंत्रणा मंदावते. मग हेच जंतू खाली उतरतात आणि फुफ्फुसात वाढतात.

वासराची शरीररचनाही त्याच्या बाजूची नाही. गाईच्या जातीत शरीराच्या मानाने फुफ्फुसं लहान असतात. शिवाय फुफ्फुसाचे छोटे छोटे कप्पे एकमेकांपासून बरेच बंदिस्त असतात. एक कप्पा भरला की त्याला शेजारच्या कप्प्यातून हवा मिळत नाही. उजव्या बाजूच्या पुढच्या भागाला जाणारी नळी मुख्य श्वासनलिकेतून सगळ्यांच्या आधी फुटते, म्हणून बहुतेक वेळा दुखणं तिथूनच सुरू होतं. हा भाग पुढच्या पायाच्या आड येतो. डॉक्टर वासराचा पुढचा पाय पुढे ओढून काखेत स्टेथोस्कोप घालतात ते याचसाठी.

घटसर्प आणि हा न्यूमोनिया यांची गल्लत होते, तीही इथेच सोडवू. घटसर्पाचा जंतूही पाश्चुरेला मल्टोसिडाच, पण त्याचा प्रकार वेगळा. घटसर्पात ताप एकदम १०४ ते १०७ अंशांवर जातो, घशाखाली सूज येते, लाळ गळते, घरघर लागते आणि जनावर एका-दोन दिवसांत, कधी काही तासांतच दगावतं. पावसाळ्याआधी आपण जी घटसर्पाची लस टोचतो ती या रोगासाठी आहे, वासरांच्या नेहमीच्या न्यूमोनियासाठी नाही. “लस दिली होती की, मग कसं झालं?” असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. लस मात्र चुकवायची नाही.

पायरी १: कोणत्या वासरावर नजर ठेवायची

सगळ्या वासरांना सारखाच धोका नसतो. चिकातून आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती हळूहळू ओसरत जाते आणि वासराची स्वतःची अजून पुरती तयार झालेली नसते. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात वासरू असं मधल्या मधे अडकलेलं असतं. आमची कालवड याच वयात गेली. दुसरा धोक्याचा काळ दूध तोडल्यावरच्या पंधरा दिवसांचा. तिसरा, वासरू बाजारातून किंवा दुसऱ्या गोठ्यातून आणल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे.

याशिवाय जन्मताच अशक्त, अवघड विण्यातून काढलेलं, चीक उशिरा मिळालेलं किंवा नुकतंच जुलाबातून उठलेलं वासरू असेल तर त्याच्या दाव्याला मी लाल चिंधी बांधतो. गोठ्यात धार काढायला कोणीही आलं तरी त्याला कळतं की याच्याकडे दोनदा बघायचं आहे.

पायरी २: दूध पाजण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा

सकाळी गोठ्यात गेल्यावर बादली लगेच पुढे करू नका. बादली दिसली की आजारी वासरूही उठून येतं आणि आपली फसगत होते. आधी दुरून बघा. कोण उठून आळस देतंय? निरोगी वासरू उठल्यावर पाठ ताणून आळोखेपिळोखे देतं. कोण कोपऱ्यात मान टाकून बसलंय? कोणाचा एक कान खाली आलाय?

मग बसलेल्या वासराच्या बरगडीमागे कुशीकडे बघत श्वास मोजा. मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि येणारा आकडा दुप्पट करा. शांत बसलेल्या लहान वासराचे मिनिटाला ३०-४० श्वास ठीक. थंड सकाळी ५० च्या वर गेले तर थर्मामीटर काढायचा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली सगळीच वासरं धापा टाकतात, तेव्हा या आकड्याला अर्थ नाही. म्हणून मोजायचं ते पहाटेच.

आता नाक, डोळे, कान आणि खोकला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी यासाठी एक सोपी गुणपद्धत बनवली आहे. मी ती गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे. प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण:

ताप: १०१ अंशांच्या आत ०, १०१ ते १०१.९ ला १, १०२ ते १०२.९ ला २, १०३ किंवा वर ३.

खोकला: अजिबात नाही तर ०. घशाजवळची श्वासनलिका हलकेच दाबल्यावर एकदा खोकलं तर १. दाबल्यावर पुन्हा पुन्हा, किंवा आपोआप अधूनमधून, तर २. आपोआप सारखी ढास लागली असेल तर ३.

नाक: पाण्यासारखं स्वच्छ ०. एका नाकपुडीत थोडा गढूळ शेंबूड १. दोन्हींत गढूळ किंवा खूप चिकट २. दोन्ही नाकपुड्या पिवळट घट्ट शेंबडाने भरलेल्या ३.

डोळे आणि कान: दोन्ही तपासा, ज्याचे गुण जास्त तेच धरा. डोळ्यांत थोडी चिपडं १, दोन्ही डोळ्यांतून बऱ्यापैकी २, भरपूर ३. सारखे कान फडफडवणं किंवा डोकं झटकणं १, एक कान किंचित पडलेला २, दोन्ही कान पडलेले किंवा मान एका बाजूला कललेली ३.

बेरीज ४ आली तर त्या वासरावर नजर ठेवा आणि संध्याकाळी पुन्हा मोजा. ५ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना फोन. कान पडणं आणि मान कलणं ही बहुतेक वेळा मायकोप्लाझ्माची खूण असते, कारण तो जंतू मधल्या कानातही जातो. ही खूण दिसली तर फोनवर आवर्जून सांगा, त्यावरून औषध बदलतं.

पायरी ३: ताप मोजायची सवय

या सगळ्यातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. औषधाच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. त्याला फूटभर दोरा बांधा आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा. चिमटा शेपटीच्या केसांना लावला की थर्मामीटर पडून फुटत नाही. टोकाला तेलाचं बोट लावून गुदद्वारात दोन इंच आत घाला आणि थोडा तिरका धरा. टोक आतल्या भिंतीला टेकलं पाहिजे. शेणाच्या गोळ्यात रुतलं तर आकडा चुकतो.

वासराचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०३ आणि वर म्हणजे ताप. माझा अनुभव असा की ताप बहुतेक वेळा खोकल्याच्या एक-दोन दिवस आधी येतो. त्या दिवशी वासरू दूध पितं, उभं राहतं, बघणाऱ्याला काही कळत नाही. उपचार सुरू करायला तोच सगळ्यात चांगला दिवस असतो. म्हणून तीन ते सहा आठवड्यांच्या वासरांचा ताप थंडीत आणि पावसाळ्यात मी दर दोन दिवसांनी घेतोच. चार वासरांना दहा मिनिटं लागतात.

उलटही ध्यानात ठेवा. वासरू अगदी गळालंय, धाप आहे, पण तापमान १०० च्याही खाली आहे, तर ते बरं होत नाहीये. शरीर हरत आलंय. अशा वेळी एक तासही थांबायचं नाही.

पायरी ४: शंका आली की पहिल्या तासात काय करायचं

वासरू वेगळं बांधा. कोंदट खोलीत नाही, तर जिथे हवा खेळती आहे पण झोताचा वारा थेट अंगावर येत नाही अशा जागी. खाली कोरडं काड किंवा पाचट एवढं टाका की बसल्यावर पाय त्यात बुडाले पाहिजेत. थंडी असेल तर अंगावर कोरड्या बारदानाची झूल घाला. बारदान दवाने किंवा मुताने ओलं झालं की ते उबेऐवजी थंडीच देतं, म्हणून दोन ठेवा, आलटून पालटून वाळवायला.

मग डॉक्टरांना फोन. गावातला पशुवैद्यकीय दवाखाना, नाहीतर १९६२ हा टोल फ्री क्रमांक. फोनवर “वासरू आजारी आहे, या” एवढंच सांगू नका. वय, ताप, श्वासाचा आकडा, किती दिवसांपासून, दूध किती प्यालं, आधी कोणती इंजेक्शनं झाली आणि गोठ्यात आणखी किती वासरं ढासतायत, हे सांगा. माझे डॉक्टर म्हणतात, एवढं कळलं की गाडीत काय घेऊन निघायचं ते घरूनच ठरतं.

वजनही मोजून ठेवा, कारण डोस वजनावर ठरतो आणि आपण अंदाज जवळजवळ नेहमी कमीच बांधतो. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर ३२ आणि लांबी ३० असेल तर सुमारे ४६ किलो. अगदी लहान वासरात यात थोडा फरक पडतो, तरी नजरेच्या अंदाजापेक्षा बरं.

आता काय करायचं नाही ते. हे मी थोडं ठासून लिहितो, कारण यातल्या काही गोष्टी आमच्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या होत्या.

बाटलीने किंवा बांबूच्या नळीने काढा, तेल, हळद-गुळाचं पाणी घशात ओतू नका. मान वर करून जीभ ओढून पाजलं की ते थेट श्वासनलिकेत उतरतं. धापा टाकणाऱ्या वासरात तर हमखास. जंतूंमुळे झालेल्या न्यूमोनियावर औषध आहे, फुफ्फुसात गेलेल्या तेलावर जवळजवळ नाही. वासरू स्वतःहून चोखत असेल तरच निपलने पाजा, तोंड खांद्याच्या उंचीला ठेवून. दूध लवकर संपावं म्हणून निपलचं भोक कात्रीने मोठं करण्याची सवय असेल तर तीही सोडा, त्याने निरोगी वासरालाही ठसका लागतो.

डाग देऊ नका. तापलेली सळई बरगड्यांवर टेकवून न्यूमोनिया कधीच उतरत नाही. होते ती वेदना, आणि आधीच दमलेलं वासरू आणखी खचतं.

बंद गोठ्यात धूर करू नका. डासांसाठी कडुनिंबाचा पाला आणि गोवऱ्या पेटवायची आपली पद्धत मला माहीत आहे आणि डासांचा त्रासही खराच आहे. पण त्या धुराने श्वासनलिकेतलं तेच नाजूक आवरण पोळतं जे जंतूंना अडवत असतं. वासरांच्या कप्प्याला मच्छरदाणीचं कापड लावा.

आणि फळीवर उरलेली इंजेक्शनची बाटली उघडू नका. मागच्या वेळी गाईला दिलेलं, त्यातलं अर्धं राहिलं म्हणून वासराला ठोकलं, असं घडतं. औषध चुकीचं असू शकतं, अपुरं तर असतंच. अर्धवट मारलेले जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाहीत.

पायरी ५: औषधोपचारात आपली बाजू

डॉक्टर साधारण दोन गोष्टी देतात: प्रतिजैविक, आणि ताप-सूज-दुखणं उतरवणारं औषध. दुसऱ्याला दुय्यम समजू नका. फुफ्फुसाची हानी जंतू करतात तशी सूजही करते, आणि दुखणं कमी झालं की वासरू दूध प्यायला लागतं. मेलॉक्सिकॅम यासाठी सर्रास वापरतात. डायक्लोफिनॅक मात्र जनावरांना द्यायचं नाही. २००६ पासून भारतात त्यावर जनावरांसाठी बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. माणसांच्या दुकानातून आणूनही नको.

प्रतिजैविकांत फरक काय, हे थोडं समजून घेतलं तर डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं. पेनिसिलिन आणि सेफ्टिओफरच्या कुळातली औषधं जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर घाव घालतात. मायकोप्लाझ्माला ती भिंतच नसते, म्हणून ही औषधं त्याच्यावर चालत नाहीत. कान पडलेलं वासरू असेल आणि दोन दिवस असंच इंजेक्शन चालू असेल तर “मायकोप्लाझ्मा असेल का?” असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. काही औषधं रोज द्यावी लागतात, काही एकदा टोचली की बरेच दिवस फुफ्फुसात राहतात. त्यामुळे “शेजाऱ्याच्या वासराला एकच इंजेक्शन दिलं, माझ्याला पाच का?” याचं उत्तर औषधात असतं, डॉक्टरांच्या मनात नाही.

टिल्मिकोसिन नावाचं औषध आलं तर ते डॉक्टरांच्याच हातात राहू द्या. चुकून माणसाला टोचलं गेलं तर हृदयावर घातक परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. वासरू धरणाऱ्यानेही ते घट्ट धरावं, झटापट होऊ देऊ नये.

इंजेक्शन आपणच चालू ठेवायचं असेल तर जागा दाखवून घ्या. मानेच्या बाजूला देतात, मांडीत नाही. लहान वासराच्या मांडीत मोठ्या नसेला इजा होऊन पाय लुळा पडल्याचं मी पाहिलं आहे. दर वासराला नवी सुई.

आणि वही. तारीख, ताप, औषधाचं नाव, किती मिली, कोणत्या बाजूला. माझी वही दोनशे पानी आहे आणि तिच्यावर शेणाचे डाग आहेत. पण “परवा काय दिलं होतं?” याचं उत्तर तिच्यात असतं.

पायरी ६: २४, ४८, ७२ तास

उपचार सुरू झाल्यावर दिवसातून दोनदा ताप. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ताप १०३ च्या खाली आला आणि वासराने दुधाकडे तोंड वळवलं, तर औषध लागू पडतंय. खोकला इतक्यात जाणार नाही. तो आठवडा-दोन आठवडे राहतो, कारण फुफ्फुस साफ व्हायला वेळ लागतो. नुसता खोकला आहे म्हणून औषध बदला असा आग्रह धरू नका.

अठ्ठेचाळीस तासांनीही ताप तसाच असेल तर डॉक्टरांना पुन्हा बोलवा. औषध बदलायची हीच वेळ, पाचव्या दिवशी नाही.

बहुतेकांचं चुकतं ते यापुढे. तिसऱ्या दिवशी वासरू उड्या मारायला लागतं आणि आपण राहिलेली दोन इंजेक्शनं टाळतो. दहा-बारा दिवसांनी तेच वासरू पुन्हा बसतं, आणि या वेळी फुफ्फुसात गळवं झालेली असतात. तिथपर्यंत औषध पोचत नाही. सांगितलेले दिवस पुरे करा, वासरू कितीही तरतरीत दिसलं तरी.

या काळात दूध तोडू नका, पाणी घालून पातळही करू नका. “ताप आहे, दूध पचणार नाही” हा समज मी खूप ऐकला आहे. आजारी वासराला जास्त ताकद लागते. एका वेळी कमी पीत असेल तर दोन ऐवजी तीन-चार वेळा थोडं थोडं, अंगाच्या उबेइतकं कोमट द्या. दोन दुधांच्या मधे क्षार-साखरेचं पाणी एक-दीड लिटर, तेही स्वतःहून पीत असेल तर. साधं स्वच्छ पाणी चोवीस तास समोर. नाक दिवसातून दोनदा कोमट ओल्या फडक्याने पुसा. नाक चोंदलेलं असेल तर त्याला चोखता येत नाही आणि आपण म्हणतो भूक नाही.

आजारी वासराचं काम नेहमी शेवटी करायचं. आधी निरोगी वासरं, मग ते, मग हात साबणाने. बादली आणि निपल वेगळे.

वासरू गेलंच, तर पुरायच्या आधी शवविच्छेदन करून घ्या. जीव होत नाही, मला माहीत आहे. पण उरलेल्या वासरांना काय द्यायचं हे त्यावरून कळतं. एकामागून एक वासरं जात असतील तर डॉक्टर नमुने पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवू शकतात. उपचारांआधी नाकातला नमुना घेतला तर कोणता जंतू आणि कोणतं औषध चालेल हे दोन्ही कळू शकतं, म्हणून दोन-तीन वासरं एकदम आजारी पडली तर पहिलं इंजेक्शन टोचायच्या आधी हे विचारा.

पायरी ७: चीक, वेळेत आणि पोटभर

वासरू आईच्या पोटातून प्रतिकारशक्ती घेऊन येत नाही. ती सगळी चिकातून मिळते. आतड्यातून ती रक्तात शिरायची दारं जन्मल्यावर पहिल्या सहा तासांत चांगली उघडी असतात, मग झपाट्याने मिटत जातात आणि चोवीस तासांत जवळजवळ बंद होतात. म्हणून वार पडायची वाट पाहत चीक थांबवण्याची जुनी पद्धत वासराच्या मुळावर येते. वार पडो न पडो, पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. एकूण वजनाचा दहावा हिस्सा: ३० किलोच्या वासराला तीन लिटर, जमेल तितकं पहिल्या वेळीच आणि उरलेलं सहा तासांच्या आत. खरवस करायला उरलेला चीक घ्या, आधीचा नाही.

चीक घट्ट आहे की नाही हे डोळ्यांनी नीट कळत नाही. द्राक्ष किंवा ऊस असलेल्या शेतकऱ्याच्या घरी साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतोच. त्यावर चिकाचा एक थेंब टाका. २२ ब्रिक्स किंवा जास्त आलं तर चीक उत्तम. त्याच्या बरंच खाली आलं तर जास्त पाजा किंवा दुसऱ्या निरोगी गाईचा चांगला चीक गोठवून ठेवलेला असेल तो द्या. गोठवलेला चीक उकळत्या पाण्यात ठेवू नका, हाताला सोसवेल इतक्याच गरम पाण्यात वितळवा, नाहीतर आतली प्रथिनं नासतात. नाशिककडच्या एका बागायतदाराला हे सांगितलं तेव्हा तो थक्क झाला. दहा वर्षं ते यंत्र त्याच्या खिशात होतं.

दगडी (कासेची सूज) झालेल्या, औषध चालू असलेल्या गाईचं दूध वासरांना पाजायची सवय मोडा. त्यातलं थोडं थोडं प्रतिजैविक वासराच्या पोटातल्या जंतूंना तेवढं निर्ढावतं.

पायरी ८: हवा

थंडीच्या भीतीने आपण गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधतो. आत ऊब वाटते, पण त्याबरोबर मुताचा अमोनिया, श्वासाची वाफ आणि प्रत्येक खोकल्यातले जंतूही कोंडले जातात. माझ्या मते वासरं थंडीपेक्षा या कोंडलेल्या हवेने जास्त आजारी पडतात. मोठ्या माणसाच्या उंचीवर ते कळत नाही. पहाटे गोठ्यात जा आणि वासराच्या नाकाच्या उंचीला उकिडवे बसा. डोळे चुरचुरले किंवा वास नाकात गेला तर वासरू रात्रभर तेच ओढत होतं.

उपाय महागडा नाही. ताडपत्री जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंतच बांधा, वाऱ्याच्या बाजूने. वर दीड-दोन फूट पट्टा कायम उघडा राहू द्या, म्हणजे वासरावर झोत येणार नाही आणि गरम दमट हवा वरून निघून जाईल. सकाळी पत्र्यातून पाणी ठिबकत असेल तर समजा की वरचा पट्टा अजून अपुरा आहे.

मग जमीन. वासराच्या जागेवर गुडघे टेकून वीस सेकंद बसा. गुडघे ओले झाले तर पेंढा बदला. नवजात वासराला १५ अंश सेल्सिअसच्या खाली थंडी वाजायला लागते, आणि निफाडकडची पहाट जानेवारीत याच्या बरीच खाली जाते. कोरडं, खोल अंथरूण हाच त्याचा स्वेटर. उसाचं पाचट चालतं, भाताचा पेंढा जास्त चांगला. भुसकटात धूळ असते, ते वासरांजवळ झटकू नका. थंडीत दूधही थोडं वाढवा, ऊब राखायला त्याची ताकद खर्च होत असते.

मुक्त संचार गोठा असेल तर निम्मं काम झालेलं असतं, फक्त वासरांचा कप्पा मोठ्या गाईंच्या वाऱ्याखाली नको. गाईंच्या नाकातलं त्यांच्याकडे वाहत येतं. दोन महिन्यांच्या आतल्या प्रत्येक वासराला किमान २५ चौरस फूट जागा द्या, आणि एका कप्प्यात वयाचं फार अंतर नको.

पायरी ९: एका आठवड्यात एकच त्रास

शिंग जाळणं, दूध तोडणं, नवीन गटात सोडणं, लस, प्रवास. यातली प्रत्येक गोष्ट वासराला ताण देते, आणि आपण सोयीसाठी सगळं एकाच रविवारी उरकतो. दोन कामांमधे निदान आठवडा जाऊ द्या. दूध वयावर नाही, खाण्यावर तोडा: सलग तीन दिवस वासरू रोज किलोभर खुराक खायला लागलं की तेही हळूहळू, आठवड्याभरात कमी करत. घटसर्पाची लस पावसाआधी, डॉक्टर सांगतील त्या वयापासून, पण अंगात ताप असलेल्या वासराला नाही. आधी थर्मामीटर लावा.

बाजारातून आणलेलं वासरू तीन आठवडे वेगळं ठेवा. त्याची बादली, दावं, पेंढा, सगळं वेगळं. पहिल्या दिवशी प्रवासाने दमलेल्या वासराला आधी कोमट पाणी आणि विश्रांती, दूध दोन तासांनी. पुढचे चौदा दिवस रोज सकाळी ताप. आमच्याकडे मागच्या पौषात आणलेल्या एका कालवडीला सहाव्या दिवशी १०३.६ भरला. खोकला नव्हता, नाक स्वच्छ होतं, दूध सगळं प्यायली होती. डॉक्टर त्याच दुपारी आले, पाच दिवस औषध चाललं, आणि ती ज्या कप्प्यात होती तिथला पेंढा मी बाहेर नेऊन जाळला. आता ती दहा महिन्यांची आहे.